काकाजींची पेटी : कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळी झाली की मागच्या खोलीचे कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा आहे. म्हणजे काकाजींची लोखंडी पेटी तिथून हलणार. हलवायचीच आहे तर एकदा उघडून, मोजून, लिहून ठेवू, असं मी घरात जाहीर केलं. माय म्हणाली, "पह्यले सोयाबीन घरी येऊ दे." सोयाबीन आलंय. ओलं आहे, पण आलंय.

पेटीत डांबरगोळ्यांचा वास होता, गोळ्या नव्हत्या. वरच्या थरात सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, दोऱ्यानं बांधलेले गठ्ठे. खाली फोटोसेट, म्हणजे टाकीजच्या बाहेर काचेत लावायचे ते फोटो. त्याखाली घड्या घातलेली पोस्टरं. तळाशी दोन किलोचा डालड्याचा डबा, झाकण गंजून घट्ट बसलेलं. आज उघडला नाही.

काकाजी चौदा हंगाम टुरिंग टाकीजवर, म्हणजे फिरत्या तंबूतल्या थेटरात, मशीन चालवणारे ऑपरेटर होते. हंगाम म्हणजे दिवाळीनंतर तंबू लागायचा आणि मृगाच्या आधी उतरायचा. आमच्या चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा हा त्यांचा मोठा मुक्काम. आता वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, कानानं कमी. पेटीचं विचारलं तर म्हणाले, "पाह्य. पन फेकू नोको."

माझा स्वतःचा माल वेगळा : व्हीसीडी, तिकिटांचे अर्धुकं, पेपरची कात्रणं, आणि एक विकत घेतलेलं पोस्टर. तेही याच यादीत टाकणार. दुकानात फॉर्म भरायला स्कॅनर आहेच, रात्री शटर पाडल्यावर तो माझा.

१४ ऑक्टोबर

चोपड्या मोजल्या. ११२. पैकी २३ कसरीनं खाल्लेल्या. कसर खाते तीही निवडून : खळ लावलेला कणा आधी, चेहरे मग.

या चोपड्या फार पानांच्या नसतात, चार-आठ, फार तर सोळा. आत गाणी आणि 'कथासार'. कथासार नेहमी ऐन मोक्यावर थांबतं आणि पुढचं 'रुपेरी पडद्यावर पाहा' म्हणतं. बऱ्याच चोपड्यांत तोच मजकूर दोन-तीन लिप्यांत आहे. लहानपणी मी यातूनच सिनेमे पाहिले. सिनेमा न पाहता त्याची गोष्ट शेजारच्या पोरांना सांगायची आणि शेवट स्वतः लावायचा. त्यातले काही शेवट खऱ्यापेक्षा बरे होते.

कसर मारायला औषध फवारायचं नाही, कागद डागाळतो. थंडीनं मारायची. प्लास्टिकच्या पिशवीत चोपड्या घालून हवा दाबून काढायची, तोंड टेपनं बंद करायचं आणि उणे अठरावर दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट कागदावर धरतं. एवढं गार फ्रीझर गावात एकच : चौकातल्या किराणा दुकानातलं आइस्क्रीमचं. दुकानदार म्हणाला, "दिवाळीत कुल्फी कोन खाते, ठेव." सहा पिशव्या ठेवल्या, कसाट्याच्या बाजूला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काल असरानी गेले. रात्री फराळ करता करता मोबाइलवर त्यांच्या 'शोले'तल्या जेलरचाच तुकडा फिरत होता, घरोघरी तोच आवाज. काकाजींना मोठ्यानं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जेलर नाई खाल्ला म्या कधी. लोकाईनं तंबू जाळला असता."

खाल्ला म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं. पाहुणे आले.

२६ ऑक्टोबर

पोस्टरं. मोठी फजिती.

माझं विकतचं पोस्टर मी भिंतीवरून उतरवून काकाजींच्या पोस्टरांसोबत खाटेवर पसरलं. तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतलेलं, ३,८०० रुपये, 'ओरिजिनल, सत्तरच्या दशकातलं, घडीच्या खुणांसह' असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं. घडीच्या खुणा दिसतातही, आडव्या दोन, उभी एक. म्हणून तर विश्वास बसला होता. सिनेमाची पोस्टरं रिळांच्या पेटीतूनच यायची, घडी घालून. गुंडाळी करून पाठवायची चैन कोणाला होती!

काकाजींनी आधी स्वतःच्या पोस्टरवरून अंगठा फिरवला. मग माझ्या. परत माझ्या.

"घडी कुठं हाये याची?"

"ही काय, काकाजी, दिसते ना."

"दिसते. लागत नाई."

मीही बोट फिरवलं. कागद काचेसारखा सपाट. घडी छापलेली होती! कोणीतरी खऱ्या जुन्या पोस्टरचा फोटो काढून घड्यांसकट छापलं होतं. भिंग लावलं तर उरलंसुरलंही फिटलं : खऱ्या पोस्टरावर रंगाचे ठिपके सुटे, फुलासारखे रचलेले दिसतात, माझ्यावर ठिपक्यांवर ठिपके चढून गढूळ झालेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कळलं, मला भिंतीवर तीन वर्षं कळलं नाही.

काकाजींची सहा पोस्टरं शिल्लक आहेत, आणि ती शिल्लक का, तर भिंतीला लागलीच नाहीत. जी लागली ती मैद्याच्या खळीनं लागली आणि पुढच्या सिनेमाखाली गेली. एकाच्या फाटलेल्या घडीवर कोणीतरी सेलोटेप मारलाय. टेप कधीच सुटून गेला, डिंक मात्र कागदात उतरून चहासारखा डाग पडलाय. हे निघत नाही. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, एकदा केलं की परतीचा रस्ता नाही. माझ्या दुकानात मी रोज आधार कार्डं लॅमिनेट करतो, पण पोस्टर घेऊन कोणी आला तर परत पाठवीन.

माझं पोस्टर परत भिंतीवर लावलंय. यादीत लिहिलं : 'रिप्रिंट. घडीसह.'

२ नोव्हेंबर

डबा उघडला. झाकणाला खोबरेल लावून, पेचकसानं.

आत फिल्मचे तुकडे. शेकडो. कोणी वीतभर, कोणी दोन-तीन चित्रांचाच. आंबूस वास आला, लोणच्याच्या बरणीसारखा. म्हणजे फिल्म सडायला लागली : अॅसिटेटची फिल्म जुनी झाली की तिच्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, आणि ते आम्ल कोंडून राहिलं की बाकीच्या फिल्मलाही लवकर सडवतं. बंद डबा हीच सगळ्यात वाईट जागा. वास येणारे तुकडे वेगळे काढले, कोऱ्या कागदाच्या पाकिटांत घातले, झाकण नाही.

हे तुकडे कसले? फिल्म मशीनच्या गेटमध्ये अडकली, तुटली, कडेची भोकं फाटली की ऑपरेटरनं खराब तेवढं कापायचं, ब्लेडनं टोक खरडायचं, फिल्म सिमेंट लावायचं, जोड मारायचा आणि खेळ सुरू. पडद्यावर एक उडी. आवाजाची उडी त्याच वेळी येत नाही, कारण चित्राचा आवाज पट्टीवर वीसेक चित्रं पुढं छापलेला असतो. चेहरा इथं तुटतो आणि वाक्य दुसरीकडं.

प्रिंट मुंबईहून निघायची ती आधी शहरांतल्या टाकीजना. आमच्याकडचा सिनेमाचा धंदा अमरावतीहून चालायचा, वितरकांच्या कचेऱ्या तिथं, आणि या सर्किटची, म्हणजे सिनेमा वाटपाच्या विभागाची, संघटना भुसावळला. सर्किटचं नाव सीपी-बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत १९५० सालीच संपला, सिनेमाच्या धंद्यात त्याचं नाव अजून चालू आहे. शहरं झाली, तालुके झाले, की मग यात्रा. तोवर वर्षं गेलेली आणि प्रिंटला जागोजागी जोड. प्रत्येक जोडाला दोन-चार चित्रं कमी. म्हणजे मुंबईत लागलेला सिनेमा आणि बहिरमला लागलेला सिनेमा एकच नव्हे. फरक या डब्यात आहे.

एका तुकड्यावर नायिकेच्या गालावर तपकिरी फोड आलाय, कडा उकळल्यासारख्या. फिल्म अडकली आणि कार्बनच्या दिव्यानं भाजली. मागचं पुढचं चित्र ठीक, मधलं एवढंच गेलेलं.

३ नोव्हेंबर

चोपड्या फ्रीझरमधून आणल्या. एका पिशवीला व्हॅनिलाचा वास लागलाय. उद्यापर्यंत उघडायच्या नाहीत.

रात्री 'वाळवी' (२०२३) पाहिला, परेश मोकाशींचा. कसर-वाळवीच्या दिवसांत नावावरूनच लावला, हे कबूल. मराठीत खुनाचा सिनेमा इतका तोंड दाबून हसवत जाईल असं वाटलं नव्हतं. शेवटी नाव का दिलंय ते कळलं तेव्हा मी लाईट लावून पेटीचा तळ पाहून आलो.

९ नोव्हेंबर

पुतण्या सहावीत आहे. त्याला फिल्म दाखवायची होती, आमच्या वेळच्या पद्धतीनं. त्यासाठी तारेचा बल्ब लागतो. गावात एलईडीशिवाय बल्ब नाही. शेवटी गोठ्यात एक उडालेला सापडला, कोळिष्टकांत.

बल्बच्या बुडाचं काळं लाखेचं फोडायचं, फडक्यात धरून आतली काचेची नळी हलकेच तोडून काढायची, धुवायचं, पाण्यानं भरायचं. झालं भिंग. खोली अंधारी करायची, दाराची फक्त फट ठेवायची. एकानं बाहेर उन्हात आरसा धरून कवडसा फटीतून आत सोडायचा. कवडशात फिल्म, उलटी धरलेली, तिच्यापुढं दोन बोटांवर बल्ब. समोर धोतर.

पहिल्यांदा नुसता लाल डाग. बल्ब जरा मागं. आणि मग धोतरावर माणूस उभा राहिला! पुतण्या ओरडला, तो ओरडला म्हणून बाहेर आरसा धरलेली त्याची बहीण आत पळाली, आणि माणूस गेला.

दुसऱ्या तुकड्यात सगळी माणसं लांबुडकी, बारीक. पुतण्या म्हणे, "काका, हे काहून तुरीच्या काड्यांसारखे?" तो सिनेमास्कोपचा तुकडा. स्कोपमध्ये रुंद चित्र अर्ध्यानं दाबून पट्टीवर बसवलेलं असतं, मशीनवरचा खास लेन्स ते परत ताणतो. आमच्या बल्बाला ते कुठून जमणार.

बहुतेक रंगीत तुकडे गुलाबी पडलेत. त्या काळच्या ईस्टमन रंगात निळसर रंग आधी उडतो, तांबडा मागं राहतो. आभाळही गुलाबी, झाडंही गुलाबी.

मधेच पलीकडच्या खोलीतून काकाजी : "फोकस! फोकस!" झोपले नव्हते तर.

१६ नोव्हेंबर

तुकड्यांचे फोटो काढायची युक्ती सापडली. स्कॅनरला पाठीमागून उजेड नसतो, त्यात फिल्म काळीच येते. एका मोबाइलवर कोरा पांढरा पडदा लावायचा, त्यावर काच थोडी उंच ठेवून तुकडा, वरून दुसऱ्या मोबाइलनं फोटो. काच नसली तर खालच्या पडद्याची जाळी चित्रात उतरते.

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलाय, त्यामुळं हे सगळं रात्री अकरानंतर. पुतण्यानं मोजणीचं काम घेतलंय, एका चित्राला दहा पैसे दरानं. माझ्या अंदाजापेक्षा महाग पडणार.

२३ नोव्हेंबर

मोजणी झाली. १,९४४ चित्रं. पुतण्याला १९४ रुपये ४० पैसे, २०० दिले.

सेकंदाला चोवीस चित्रं. म्हणजे १,९४४ चित्रांची ८१ सेकंदं. लांबी एकशे साडेएकवीस फूट. चौदा हंगामांचं एवढंच? काकाजी म्हणाले, बाकीचं पोरं घेऊन गेली. खेळ सुटला की तंबूच्या मागं पोरं उभी राहायची, फिल्लम मागत. मी त्या पोरांत नव्हतो, उशिरा जन्मलो, हे दुःख आहेच.

मग विचारायचं राहिलेलं विचारलं. रीळ खाणं म्हणजे काय?

"मालकाले दुसरा खेळ टायमावर पायजे. पह्यला लांबला का एक रीळ लावतच नोतो. लोकाईले समजत नाई. समजलं तं शिट्ट्या मारतेत, मंग गप होतेत."

"'शोले'चं खाल्लंत?"

"एक. तो बोंबल्या भोपाली येते ते."

मी उठून मायजवळ गेलो. कारण हे भांडण आमच्या घरात माझ्या लहानपणापासून आहे. मायनं 'शोले' बहिरमला पाहिला, लग्नाच्या आधी, आणि टीव्हीवर पाहताना ती सूरमा भोपाली झालेला जगदीप पहिल्यांदा आला की दरवेळी म्हणायची, "हा मानूस इथं नोताच." तिला सूरमा भोपाली आठवतो तो फक्त नंतरच्या छोट्या तुकड्यात, लाकडाच्या टालात फुशारक्या मारताना. "तो मधातच येते अन् जाते, कोन होता तो?" आम्ही हसायचो. रीळ लागलंच नव्हतं. मायचं बरोबर होतं.

दुसरं भांडण शेवटाचं. माय म्हणते ठाकूर गब्बरला मारून टाकतो. आम्ही म्हणतो पोलीस येतात. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेल्या सिनेमात पोलीसच येतात, कारण आणीबाणीतल्या सेन्सॉरनं ठाकूरच्या हातून, म्हणजे पायातून, तो खून होऊ दिला नाही. मूळ शेवट नंतर व्हिडिओवर फिरला. पण बहिरमच्या तंबूत तो असणं शक्यच नाही. यावर माय ऐकत नाही.

२५ नोव्हेंबर

काल धर्मेंद्र गेले. ८ डिसेंबरला नव्वद पूर्ण झाले असते. फोटोसेटमध्ये त्यांचे चौदा फोटो निघाले, आजच पुसून वेगळ्या पाकिटात ठेवले. चकचकीत फोटो एकमेकांना चिकटलेले होते. ओढले असते तर चेहरा सोलून निघाला असता. दोन सुटले नाहीत, तसेच जोडीनं ठेवले.

काम आज एवढंच.

७ डिसेंबर

'दशावतार' पाहिला, उशिरानं. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडून असं काम करतात हे पाहत बसलो, गोष्टीकडं जरा दुर्लक्षच झालं. डोळे जात चाललेला म्हातारा नट, तरी रंग लावून उभा राहणारा. पहिला भाग त्यामुळं फार भिडला. नंतर सिनेमा हिशेब चुकते करायला निघतो, तिथं मला तो नेहमीचा वाटला. पुतण्याला उलट तोच भाग आवडला. कोकणची बोली तिथं माणसासारखी बोलते, हेही खरं. आमची वऱ्हाडी सिनेमात आली की बहुतेकदा हसवायलाच येते. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) आठवतो तो त्यामुळंही. त्यात बोलणारे लोक आमच्या बांधावरचे होते आणि कोणी त्यांना हसत नव्हतं.

१४ डिसेंबर

अमरावती. 'शोले' परत लागलाय, चित्र-आवाज नव्यानं दुरुस्त करून आणि मूळ शेवटासकट. हे काम फिल्म हेरिटेज फाउंडेशननं केलंय. जूनमध्ये इटलीत बोलोन्याला उघड्या चौकात पहिल्यांदा दाखवला. म्हणजे पन्नास वर्षांनी 'शोले' बाहेरगावच्या तंबूसारखाच पहिला लागला.

मायला, काकाजींना घेऊन गेलो. मॉलमधलं थेटर, सरकता जिना. माय जिन्यावर चढली नाही, लिफ्टनं आली. काकाजींनी खुर्चीवर बसल्या बसल्या मागं वळून मशीनची खिडकी शोधली.

जेलर आला तेव्हा टाळ्या. धर्मेंद्र टाकीवर चढले तेव्हा सगळं थेटर हसलं आणि मग एकदम शांत झालं, तसं मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं. सूरमा भोपाली आला. काकाजी माझ्या कानात, म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं, म्हणाले, "हे माह्यं रीळ."

शेवट. ठाकूर गब्बरला मारतो. पोलीस नाहीत.

मी मायकडं पाहिलं. ती पदरानं चष्मा पुसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मंग? मी काय सांगत होती?"

एसटीत मी पुन्हा समजावलं की हा शेवट सेन्सॉरनं तेव्हा काढायला लावला होता, बहिरमला दिसलाच नसणार. काकाजी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "त्याईनं बी एक रीळ खाल्लं म्हना." माय म्हणाली, "मी पाह्यलं होतं." विषय संपला.

२८ डिसेंबर

बहिरम. यात्रा २० तारखेपासून लागली आहे. हंडीचं मटण, रोडगे, धूर, पाळणे. टुरिंग टाकीज नाही, कधीची नाही. काकाजींनी काठीनं जागा दाखवली : इथं तंबूचं तोंड, तिकडं जनरेटर, आवाज नको म्हणून लांब. पडदा मधे, माणसं एका बाजूला. गर्दी फार झाली की काही जण मागच्या बाजूनं पाहायचे, तिथून सगळे डावखुरे दिसत. त्या जागेवर आता ब्लँकेटं विकायला आहेत. एक घेतलं.

४ जानेवारी २०२६

कवेलू उतरले. पेटी माझ्या दुकानात आली. चोपड्या : ११२, त्यातल्या ८९ धड. फोटोसेट स्कॅन झाले. पोस्टरं सपाट, पुठ्ठ्याच्या दोन थरांत. आंबूस तुकडे वेगळ्या पाकिटांत, दर महिन्याला वास घेऊन पाहायचा.

शेवटची मोजणी करताना तीन चित्रं कमी भरली. पुतण्याला विचारलं. आधी माहीत नाही म्हणाला, मग कबूल झाला : वर्गातल्या पोरानं पाच गोट्या आणि एक भोवरा दिला, त्यावर तीन चित्रांचा तुकडा गेला. तोच, गालावर फोड आलेला. मी रागावणार तेवढ्यात काकाजींनी विचारलं, "कितीले देल्लं?" त्यानं सांगितलं. "सस्त्यात देल्लं," ते म्हणाले.

१,९४१. तक्त्यात दुरुस्ती केली.